जनावरामागं पायली

तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणतात. भाऊ तो कुणाचाच नसतो, आणि त्याच्यातला साहेब मामलेदारासमोर दोन मिनिटांत उतरतो, पण म्हणतात. मी एकतीस वर्षं भाऊसाहेब होतो. त्यातली चार वर्षं शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात काढली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं मला जेवायला बोलावणारी घरं अजून आहेत आणि ती तशीच राहावीत अशी इच्छा आहे.

मी राधानगरीकडचा. आमच्याकडं पाऊस असा पडतो की चार महिने अंगावरचा सदरा वाळत नाही. पण आमचं पाणी उताराचं, पडलं की पळालं. शिरोळला उलटं. वर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि खाली पाणी वीत वीत चढत असतं. पहिल्या वर्षी मी हे बघून घाबरलो, तेव्हा आमचा कोतवाल केरबा म्हणाला, "तुमच्याकडचाच पाऊस हाय की ह्यो, भाऊसाहेब. तुम्ही लावून द्यायचा, आम्ही ठिवून घ्यायचा." मला त्या माणसाचा राग यायचा, कारण तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

बहात्तरचा दुष्काळ संपून तीन-चार वर्षं झाली होती. श्रावणात पाणी आलं ते खालच्या आळीतल्या घरांच्या आढ्याला लागलं. माणसं शाळेत आणि देवळात गेली. जनावरं गावाबाहेरच्या माळावर नेली. मी मोजली होती, लहान-मोठी मिळून एकशे ऐंशी. कडब्याच्या गंज्या वाहून गेल्या होत्या. माळ म्हणजे मुरूम आणि दगड, वर नावापुरतं गवत. ते एका दिवसात संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जनावरं हंबरायला लागली. भुकेलं माणूस निदान शिव्या देतं, त्याचं ओझं वाटत नाही. जनावर नुसतं तुमच्याकडं बघत राहतं.

माळाच्या खालच्या अंगाला लालासाब नालबंदाचं दोन एकर रान होतं. पाणी नेमकं त्याच्या बांधाला येऊन थांबलेलं. आत हायब्रीड जोंधळा डोक्याएवढा, कणसं बाहेर पडायला लागलेली. पाचशे पावलांच्या टापूत हिरवं म्हणावं असं तेवढंच.

हा लालासाब बैलांना नाल मारायचा. गावातल्या प्रत्येक बैलाचा खूर त्याच्या हातातून गेलेला. माणसांची नावं तो विसरायचा, पण कुठला बैल कुठल्या पायानं लंगडतो ते झोपेत सांगायचा. गावात ट्रॅक्टर येऊ लागल्यापासून त्याचा धंदा निम्म्यावर आला होता. घरात बायको मलिका आणि दोन पोरी. वर्षाची भाकरी त्या दोन एकरांवर.

तो विळा घेऊन आला. कुणाशी बोलला नाही. रानाच्या कोपऱ्यात वाकला, एक मूठ जोंधळा कापला आणि झुंबरबाईच्या म्हशीपुढं नेऊन टाकला. झुंबरबाई म्हणजे गावातली एकटी म्हातारी. तिची ती एक म्हैस, आणि म्हशीला ती. मूठ टाकून तो बाजूला झाला आणि बांधावर बसून विडी शिलगावली. मग गावानं विळे घातले.

"पहिली मूठ मालकानं कापायची आसती," केरबा म्हणाला. "ती पडल्याबिगर कुणी हात लावत न्हाई. मागच्या पुरात ह्यो मान माझ्या रानाला मिळालता."

मान! मला हसू आलं. एक तर ज्याच्या बांधाला पाणी लागतं त्याचं नशीब फुटकं, आणि वर त्याला मान म्हणायचं. मी मनात म्हटलं, ही माणसं खुळी आहेत. आठ दिवसांत दोन एकर साफ झालं. एकशे ऐंशीतलं एक जनावर मेलं नाही.

पाणी उतरलं आणि सरकारी मदतीचा हुकूम आला. पाणी शिरून पीक गेलं असेल त्याला एकरी साठ रुपये. जनावर मेलं असेल तर त्याचे वेगळे. घरोघर, रानोरान जाऊन पंचनामे करायचे. मी, केरबा आणि सरपंच गणपतराव चिखल तुडवत निघालो. गणपतराव म्हणजे भारी माणूस, आठ जनावरांचा गोठा आणि आवाज असा की नदीपलीकडच्यानं जबाब द्यावा. पण मनानं वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

लालासाबच्या बांधावर आलो. रानात नुसते बुडखे. माती कोरडी, भेगा पडायला लागलेली. मी लिहिलं, 'क्षेत्रात पाणी शिरले नाही. उभे पीक खातेदाराने स्वतः कापले.' वाचून दाखवलं.

"खरं हाय," लालासाब म्हणाला.

"काय खरं हाय?" गणपतराव गरजले. "भाऊसाहेब, पाणी आलं म्हणून लिव्हा की! ह्याच्या जोंधळ्यावर आमची जनावरं जगली आन ह्यालाच रुपया मिळायचा न्हाई?"

"पाणी आलं नाही."

"बांधापातूर आलं. चार बोटांनी काय हुतंय?"

"चार बोटं म्हणजे चार बोटं," मी म्हणालो. माझा स्वभाव त्या काळी असा होता. सातबाऱ्यावर काना-मात्रा चुकला तरी मला रात्री जेवण जात नसे. गणपतराव पाय आपटत पुढं गेले.

लालासाबनं मला घरी नेलं. मलिकानं काळा चहा दिला. बोलता बोलता माझी नजर कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीकडं गेली. झाकण नव्हतं आणि आत हात घातला तर तळ लागला असता. मलिकानं माझी नजर पकडली.

"माझा भाऊ कबनूरला कापडाच्या मागावर हाय," ती म्हणाली. "कवापास्नं बोलवतोय. तुम्हीच सांगा ह्यास्नी."

"कबनूरला बैल हैत व्हय?" लालासाब म्हणाला. "मुलखाचा खडखडाट नुसता. सुगीपातूर कसं बी काढू, मलिका. सुगीला बघू."

सुगीला काय बघणार होता? रानात एक ताट उभं नव्हतं, आणि त्या हलक्या रानात रब्बीचं पीक धरत नसे. मला वाटलं, भोळा माणूस आहे, वाऱ्यावर वरात. मी चहा संपवून उठलो. कुठली सुगी, हा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर ही गोष्ट झालीच नसती.

शिरोळला कचेरीत तक्ते दाखवायला गेलो. मामलेदारांनी चष्मा वर केला. "दगावलेली जनावरं, शून्य? शेजारच्या गावात चाळीस आहेत. नीट मोजलं का?"

"नीट मोजलं, साहेब. सगळी जगली."

"नशीबवान गाव," ते म्हणाले आणि पान उलटलं.

नशीबवान! एस.टी.त बसून परत येताना तो शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. चाळीस जनावरं मेली असती तर सरकारनं चाळीस जनावरांचे पैसे मोजले असते. ती जगली म्हणून ज्यानं जगवली त्याला काही नाही. सरकारच्या कागदावर मेलेल्याला रकाना होता, जगवलेल्याला नव्हता. आणि त्या कागदावर सही माझी होती. मला लालासाबची कणगी दिसायला लागली. खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेजारच्या पाव्हण्यानं विचारलं, "गाडी लागती काय वं?"

गावात उतरलो तो थेट गणपतरावांकडं. त्यांनी पंच गोळा केले. मी नवा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं लिहिलं, 'क्षेत्रात पाणी शिरले. पीक कुजून नष्ट झाले.' पंचांनी इतक्या आनंदानं सह्या केल्या की मला वाटलं, जन्मात एक काम तरी धड झालं. केरबानं अंगठा उठवला आणि म्हणाला, "गाव करी ते राव न करी, म्हणत्यात. आज रावानंच केलं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

लालासाबला कुणी सांगितलं नाही. म्हटलं, एकदम पैसे हातात पडले की समजेल.

वाटप शाळेत झालं. मामलेदार स्वतः आले होते, टेबलावर नोटांची पेटी, शाईचा पॅड. कारकून नाव, क्षेत्र, कारण आणि रक्कम मोठ्यानं वाचायचा.

"लालासाब बाबालाल नालबंद. दोन एकर. हायब्रीड जोंधळा. पाणी शिरून पीक कुजले. एकशे वीस रुपये."

लालासाब टेबलापाशी गेला. टोपी काढली. "साहेब, काय तर चुकलंय. माझ्यात पाणी न्हाय आलं."

शाळेतला गलका बंद झाला.

"मग पीक?" मामलेदारांनी विचारलं.

"पीक जनावरांस्नी दिलं. मी दिलं. दिल्याल्याचं पैसं कसं घिऊ?"

मामलेदारांनी पंचनाम्याचा कागद ओढून घेतला. वाचला. मग खालची सही वाचली. मग माझ्याकडं बघितलं. "भाऊसाहेब, हे तुम्ही समक्ष बघून लिहिलंय ना?"

खोटा पंचनामा म्हणजे सरळ घरी. राधानगरीकडं माझी म्हातारी आई, बायको, दोन लेकरं माझ्या मनिऑर्डरीकडं डोळे लावून. गणपतरावांसारखा माणूस जमिनीकडं बघत होता. चार बोटांचा हिशेब मी दुसऱ्यांना शिकवला होता, आता तो माझ्याच गळ्याशी आला.

लालासाबनं वळून माझ्याकडं बघितलं. बैलाचा पाय उचलण्याआधी तो बैलाच्या डोळ्यांत बघायचा, पाय देतोय की लाथ मारतोय ते कळायला. तसंच माझ्याकडं बघितलं. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. तो परत मामलेदारांकडं वळला.

"न्हाय साहेब, माझीच चूक झाली," तो म्हणाला. "आलंतं पाणी. मागनं आलंतं. मी इसरलो."

"अरे, रानात पाणी आलेलं माणूस विसरतो का?"

"नालबंदाचं डोस्कं, साहेब. खुरात आसतंय."

सगळी शाळा हसली. मामलेदारही हसले. लालासाबनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, नोटा न मोजता कोपरीच्या खिशात घातल्या आणि निघून गेला. मी त्याच्या मागं धावलो नाही. धावायला हवं होतं.

पुरानंतर कृष्णाकाठचं रान कसं पिकतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. गाळ बसलेल्या जमिनीत रब्बीचा शाळू असा आला की कणसं हातात मावत नव्हती. माघ-फाल्गुनात खळी लागली. गावभर मळणी आणि भुसा. जो तो हसतमुख. मीही खूश होतो, कारण शेतसारा वसूल व्हायला सोपा.

एका दुपारी मी चावडीतून घरी निघालो होतो. समोरून झुंबरबाई येताना दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत जोंधळा, आणि तोंडानं कुणाला तरी शिव्या.

"काय झालं, आक्का?"

"तुमचं मढं झालं!" ती म्हणाली. मला म्हणाली. पाटी खाली आपटून ती माझ्यापुढं उभी राहिली. "त्या लालानं माझी पायली परत लावली. सरकारनं दिलंय म्हनतोय. आक्का, दोनदा घेऊ व्हय म्हनतोय. सरकार माझ्या म्हशीचं कोण लागतंय, सांगा की!"

मला काही कळेना. मी तिला चावडीच्या पायरीवर बसवलं. केरबा होताच. मग हळूहळू ते बाहेर पडलं.

त्या गावात चाल होती. पुरात ज्याच्या रानाची वैरण गावाच्या जनावरांनी खाल्ली, त्याला पुढच्या सुगीला प्रत्येक घरानं जनावरामागं एक पायली, म्हणजे चार शेर, जोंधळा द्यायचा. खळ्यावरचं धान्य घरात न्यायच्या आधी. मागायचं नाही, मोजायचं नाही, बोलून दाखवायचं नाही. ज्याचं त्यानं नेऊन दारात ओतायचं. एकशे ऐंशी जनावरं, एकशे ऐंशी पायल्या. लालासाबच्या घरात वर्षभर पुरून उरला असता एवढा जोंधळा. 'सुगीला बघू' म्हणाला होता तो हीच सुगी.

आणि मी त्याला एकशे वीस रुपये मिळवून दिले होते.

"केरबा," मी ओरडलो, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायची गोष्ट हाय व्हय ती?" केरबा म्हणाला. मग जमिनीवर रेघा ओढत म्हणाला, "खरं सांगू? तवा घराघरांत कणगीत चिखल हुता. सुगी हुती का न्हाई, पायली घालाय जमतंय का न्हाई, ह्याचा घोर सगळ्यांस्नी. तुम्ही सरकारातनं देतो म्हनला आन सगळ्यांचा जीव भांड्यात पडला."

"मग आता? आता तर खळी भरलीत!"

"आता त्यो घेत न्हाई," केरबा म्हणाला. "आन जे गेलं न्हाईत, त्यास्नी बरंच झालं."

मी गणपतरावांकडं गेलो. त्यांच्या खळ्यावर शाळूची रास छातीएवढी. आठ जनावरं, आठ पायल्या, त्या राशीला ओरखडाही उठला नसता. मी विषय काढला. ते मोकळेपणानं हसले. "भाऊसाहेब, त्याचं भागलं की! तुम्हीच भागवलं. तुमचं उपकार हैत गावावर." आणि मला चहा पाजला. त्यांना खरंच तसं वाटत होतं, त्याचंच वाईट. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. पण मारुती निदान देव तरी आहे. मी जे केलं होतं त्याला नाव नव्हतं.

शेवटी लालासाबच्या दारात गेलो. तो नाल ठोकून सरळ करत होता.

"लालासाब, पायली घे. ते पैसे खोटे होते. माझी चूक होती. पाहिजे तर एकशे वीस मला परत दे, मी भरतो सरकारात कुठल्या तरी नावानं."

त्यानं हातोडी ठेवली. "पैसं खोटं आसतील, भाऊसाहेब. अंगठा माझा हुता की. अंगठा दिला म्हंजे इकलं. इकल्याल्या मालाचं परत दान कसं मागू?"

"पण तू तो अंगठा..." तो कुणासाठी दिला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मलिका आत भांडी बांधत होती. एका पितळी हंड्यावर तिनं सुतळी आवळली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसा की, च्या करते." मी बसलो नाही.

पाडवा झाल्यावर ते कबनूरला गेले. दोन एकर गणपतरावांना निम्म्या वाट्यानं लावून दिलं. नालाची पिशवी लालासाबनं आढ्याला तशीच टांगून ठेवली. त्यांचा हंडा मी एस.टी.च्या टपावर चढवून दिला. तेवढंच माझ्या हातून झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, माझी बदली होण्याच्या जरा आधी, पाणी पुन्हा आलं. आधीइतकं नाही, पण खालची आळी बुडाली आणि जनावरं माळावर गेली. पाणी पुन्हा त्याच बांधाला येऊन थांबलं. आत पुन्हा जोंधळा, यंदा गणपतरावांनी केलेला.

दुसरा दिवस गेला. जनावरं हंबरत होती. गावातले लोक विळे घेऊन उभे होते आणि कुणी रानात उतरत नव्हतं. मला बोलावणं आलं. मी छत्री आणि वही घेऊन गेलो. गणपतराव बांधावर उभे होते.

"काय अडलंय?" मी विचारलं.

"आदी पंचनामा करा, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पाणी शिरलं म्हणून लिव्हा. मग घालू दे इळं."

"अहो, जनावरं उपाशी आहेत! पंचनामा पाणी उतरल्यावर होतो."

"मला कळत न्हाई व्हय? माझी बी आठ हैत त्यात." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "खरं, निम्मं पीक लालासाबचं हाय. त्यो तिकडं कबनूरला. त्याच्या वाट्याचं मी फुकट कसं देऊन टाकू? आन सुगीला पायली कोण घालतंय आता? तुम्हीच सांगा."

मी गावाकडं बघितलं. कुणी गणपतरावांना बोल लावत नव्हतं. सगळ्यांना ते रास्तच वाटत होतं. एकानं तर शाईचा पॅडही आणला होता, भिजू नये म्हणून धोतराच्या सोग्यात गुंडाळून. झुंबरबाई म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली होती. म्हैस आता हंबरतही नव्हती.

काय करणार होतो मी? नाही म्हटलं असतं तर रान उभं राहिलं असतं आणि जनावरं आडवी झाली असती. केरबानं छत्री धरली. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, 'क्षेत्रात पाणी शिरले. पीक कुजून नष्ट झाले.' तारीख मोकळी सोडली. समोर जोंधळा हिरवागार डुलत होता. पंचांनी अंगठे उठवले, आणि मगच विळे चालले. मालकाची मूठ कुणी कापली नाही. जो तो आपल्या जनावराच्या मापानं पेंढ्या मोजून नेत होता, आणि कुणी कुणाच्या दोन पेंढ्या जास्त झाल्या म्हणून भांडतही होतं. मला त्या दिवशी माझ्या हस्ताक्षराची किळस आली. सुंदर होतं माझं हस्ताक्षर, कचेरीत नावाजलेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जो तो पुढच्या दिवसांचंही आताच उचलत असल्यानं, रान संपत आलं असताना माळाच्या वरच्या अंगानं एक माणूस चालत येताना दिसला. चिखलानं मांड्यांपर्यंत माखलेला. जवळ आला तेव्हा ओळखलं. लालासाब. केसांत आणि भुवयांत कापसाची पिंज, गालफडं बसलेली. एस.टी. जिथवर आली तिथवर एस.टी.नं, पुढं पायी. हातात विळा होता.

"पाणी बांधाला लागलं म्हनून कळलं," तो धापा टाकत म्हणाला. "तसाच आलो. मला वाटलं, पहिल्या मुठीसाठनं सगळी थांबल्याली आसशीला."

त्यानं रानाकडं बघितलं. "कापलंसा व्हय? बरं झालं. पहिली मूठ कुणी कापली?"

"भाऊसाहेबांनी आदी लिव्हून दिलं, मग सगळ्यांनी मिळून कापलं," गणपतराव म्हणाले. "तुझ्या वाट्याचं बी लिव्हलंय. काळजी करू नगंस."

"पाणी शिरलंतं?"

गणपतराव पायानं एक बुडखा उकरायला लागले.

लालासाब माझ्याकडं वळला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "तवा त्यो अंगठा मी तुमच्यासाठनं दिल्ता. एकदाच दिल्ता."

मी म्हणालो, "चुकलं माझं," आणि ते सगळ्या गावादेखत म्हणालो. तलाठ्यानं असं म्हणायचं नसतं.

त्यानं हातातला विळा सावरला. मग बांधाकडं गेला. बांधाच्या दगडांत, कुणाच्या विळ्याला न सापडलेली चार ताटं राहिली होती. वाकून त्यानं ती कापली, पाण्यात हलवून पाती धुतली आणि झुंबरबाईच्या म्हशीपुढं नेऊन टाकली. म्हशीचं पोट एव्हाना भरलेलं होतं. तरी तिनं तोंड लावलं. लालासाबनं सवयीनं तिचा पुढचा पाय उचलला, खूर बघितला, अंगठ्यानं चिखल काढला आणि पाय हळूच खाली ठेवला.

झुंबरबाई उठली. "ह्या मुठीची पायली सुगीला कबनूरला घिऊन येणार मी," ती म्हणाली. "डोस्क्यावर घिऊन येणार. परत लावलीस तर बघ."

"या की, आक्का," लालासाब म्हणाला. "न्हाय परत लावत. ही कुठं लिव्हल्याली न्हाय."

मी वही मिटली आणि पिशवीत ठेवली.